साडेआठ मोठे की साडेचार? एनएफएलमधले (अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले) नवखे बचावपटू चार मॅचमध्ये कसे जोखायचे

चौथा_डाव

आमच्या इथल्या मंडळातल्या आठ जणांचा एक वार्षिक उद्योग आहे. सीझनचे पहिले चार रविवार झाले की सोमवारी रात्री बारापर्यंत प्रत्येकाने ग्रुपवर एक नाव टाकायचं: डिफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर, म्हणजे पहिल्याच वर्षी खेळणाऱ्या बचावपटूंतला अव्वल, यंदा कोण ठरणार. ज्याचं नाव चुकलं त्याने सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम मॅचच्या, दिवशी बटाटेवडे तळायचे. दुकानातून आणलेले चालत नाहीत, सारण घरचंच लागतं.

मी ओळीने तीन वर्षं तळतोय.

२०२२ ला मी एडन हचिन्सनचं नाव दिलं. डेट्रॉइट लायन्स, ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने उचलतात त्यात) दुसरा. दुसऱ्याच मॅचला वॉशिंग्टनविरुद्ध पहिल्या हाफमध्ये तीन सॅक, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकायच्या आधीच तीनदा पाडलं. माणसाने आणखी काय बघायचं? पुरस्कार गेला जेट्सच्या सॉस गार्डनरला. २०२३ ला आमच्या ईगल्सचा जेलन कार्टर. तेव्हा आम्ही चारही मॅच जिंकलेलो, फिलाडेल्फियात सगळे हवेत. पुरस्कार ह्यूस्टनच्या विल अँडरसनला. दोन्ही वेळा माझा माणूस मतदानात दुसरा आला, पण दुसऱ्याला वडे माफ नसतात.

२०२४ ला ठरवलं, आता डोकंच चालवायचं नाही. त्या ड्राफ्टमध्ये पहिले चौदाच्या चौदा खेळाडू आक्रमणाचे गेले. असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. पंधरावा गेला कोल्ट्सकडे, लायाटू लाटू. एवढ्या संघांच्या जाणकारांना जो बचावपटू पहिला उचलावासा वाटला, तोच आपणही घ्यावा. वर्षभरात त्याचे चार सॅक. वडे.

पण मला हा धागा काढायला लावलं ते त्याच वर्षीच्या दुसऱ्याच एका प्रकरणाने. लॉस एंजेलिस रॅम्सने फ्लोरिडा स्टेटचे दोन मित्र एकाच ड्राफ्टमध्ये घेतले. जॅरेड वर्स एकोणिसावा, ब्रेडन फिस्क एकोणचाळिसावा. सीझनच्या शेवटी फिस्कचे सॅक साडेआठ, सगळ्या रूकींत जास्त. वर्सचे साडेचार. आणि पुरस्कार वर्सला!

मी चिडून त्यांच्या मॅच पुन्हा बघायला घेतल्या. एक खेळी तर दहा वेळा पुढे-मागे केली. वर्स कडेला उभा. बॉल हलताच तो समोरच्या टॅकलला (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या धिप्पाड गड्याला) वळसा घालत नाही, सरळ त्याच्या छातीत हात घालतो. तीनशे पौंडांचा माणूस, त्याच्या टाचा गवतात घासत मागे चालल्यात. क्वार्टरबॅक नजर वर ठेवून बॉल फेकायला माणूस शोधत होता, त्याच्या पाठीला स्वतःचाच टॅकल येऊन टेकायच्या बेतात. मग तो पुढे सरकतो, कारण जागा तेवढीच उरलेली. आणि पुढे मधल्या फळीतून फिस्क आलेलाच असतो. सॅक: फिस्क. वर्सच्या नावापुढे काही नाही.

तर प्रश्न असा. चार मॅचचे आकडे हातात असताना रूकींची तुलना करायची, तर नेमकं काय बघायचं? यंदाची नावं मी मुद्दाम लिहीत नाही, ग्रुपमधले दोघे हा धागा वाचतात.

---

तिसरा_आणि_लांब

पुरस्कार सॉसला गेला याबद्दल एवढं दुःख? आमच्या जेट्सवाल्यांना आयुष्यात चांगलं काही घडतच नाही, तेवढं तरी राहू द्या की.

हचिन्सन आणि गार्डनर यांची तुलना मुळात फसवी. पास रशरचं, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्याचं, काम स्कोअरबोर्डावर दिसतं, कॉर्नरबॅकचं, म्हणजे पास झेलणाऱ्यांना कडेला अडवणाऱ्याचं, दिसत नाही. गार्डनरची २०२२ ची इंटरसेप्शन (समोरच्यांचे मधेच पकडलेले पास) किती? दोन. त्याच वर्षी सिएटलचा तारिक वूलेन, पाचव्या फेरीतला रूकी, त्याची सहा. लीगमध्ये संयुक्त पहिला. नुसतं पान उघडून बघाल तर वूलेन तिप्पट चांगला. पण गार्डनरने हात घालून उडवलेले पास वीस, पूर्ण लीगमध्ये सगळ्यांत जास्त. सिनसिनाटीला कॉलेजात तीन वर्षं खेळला, तेव्हा त्याच्यावरून एकही टचडाउन (बॉल टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेऊन केलेला स्कोअर) झालं नव्हतं. तोच माणूस इथे आला.

पहिल्या महिन्यात कॉर्नरबॅक बघायचा तर एकच करा. बॉल जिकडे चाललाय तिकडे बघू नका. टीव्हीवाले दाखवत नाहीत ही अडचण आहे, पण रिप्ले वरच्या कॅमेऱ्यातून दाखवतात तेव्हा क्वार्टरबॅकचं हेल्मेट बघा. आधी सॉसच्या बाजूला वळतं, अर्धा सेकंद थांबतं, मग दुसरीकडे. ते अर्धं सेकंद म्हणजे त्याचा पगार.

अवांतर: पाचव्या मॅचला मायामीविरुद्ध त्यांच्या पहिल्याच खेळीला सॉसने कडेने येऊन क्वार्टरबॅकला एंड झोनमध्येच गाठलं. सेफ्टी, दोन पॉइंट. मी तेव्हा चहा ओतत होतो. टेबलक्लॉथवर डाग अजून आहे.

---

बायूकाठचा

ह्यूस्टनहून नमस्कार. २०२२ चा ड्राफ्ट म्हणजे आमची दुखती नस होती, आता नाही. 😀

आम्ही तिसऱ्या क्रमांकावर डेरेक स्टिंगली घेतला. लगेच चौथ्यावर जेट्सने गार्डनर. दोघेही कॉर्नरबॅक. म्हणजे ही तुलना आम्ही करायला गेलो नाही, ती आमच्या डोक्यावर येऊन बसली. पहिल्या वर्षी स्टिंगली नऊ मॅच खेळला, एक इंटरसेप्शन, मग मांडीचा स्नायू धरला आणि सीझन संपला. तिकडे गार्डनर ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांच्या निवडक संघात. ऑफिसात एक जर्सीचा (न्यू जर्सीचा) पोरगा होता, तो रोज सकाळी कॉफी मशिनशी मला म्हणायचा, तुमचा सॉस कुठे सांडला?

२०२३: स्टिंगली अकरा मॅच, पाच इंटरसेप्शन. २०२४: पुन्हा पाच, आणि ऑल-प्रोच्या पहिल्या संघात. त्या जानेवारीत चार्जर्सविरुद्ध प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. त्यांच्या क्वार्टरबॅकने, जस्टिन हर्बर्टने, पूर्ण सीझनमध्ये तीन इंटरसेप्शन दिली होती, त्या एका दुपारी चार दिली. त्यांतली दोन स्टिंगलीची. २०२५ च्या मार्चमध्ये त्याला तीन वर्षांचे नऊ कोटी डॉलर मिळाले, जुलैत गार्डनरला चार वर्षांचे बारा कोटींच्या वर. दोघांचंही बरं चाललंय. पण पहिल्या महिन्यावर निकाल लावणारे तेव्हा सगळे होते, मी धरून.

आणि वॉटची गोष्ट राहिलीच. २०११ चा ड्राफ्ट, जे. जे. वॉट अकरावा. इथल्या चाहत्यांनी त्या रात्री हुर्यो केली होती. कॉलेज बदलताना मधल्या काळात पिझ्झा पोचवायचं काम केलेला, आधी टाइट एंड म्हणजे आक्रमणात खेळलेला मुलगा, त्याला पहिल्या फेरीत कशाला? रूकी वर्षी सॅक साडेपाच. त्याच ड्राफ्टचा व्हॉन मिलर साडेअकरा, ऑल्डन स्मिथ चौदा. या हिशेबाने वॉट कुठेच नाही. पण जानेवारीत सिनसिनाटीविरुद्ध, संघाच्या इतिहासातली पहिली प्लेऑफ मॅच. अँडी डाल्टनने बॉल सोडला आणि वॉटने तो जागेवरून उडी मारून, एखाद्याने फळीवरचा डबा काढावा तसा काढला आणि २९ यार्ड पळाला. टचडाउन. पुढच्या सीझनला त्याचे सॅक साडेवीस.

साडेपाचाचे साडेवीस. तुमच्या चार मॅचच्या पैजेत त्याला कोणी घेतला असता?

---

उजवा_कोपरा

मी पुण्याहून. भावाकडे डेन्व्हरला तीन महिने राहून आले तेव्हा हे व्यसन लागलं. आता इथे रविवारी रात्री साडेदहाला सुरू होणारी पहिली मॅच बघते आणि सोमवारी ऑफिसात डुलक्या काढते.

बावळट प्रश्न वाटेल, पण विचारते. सॅक नेमका कोणाच्या नावावर लिहितात? ज्याने शेवटी पाडलं त्याच्याच? मी जिल्हा पातळीपर्यंत कबड्डी खेळले आहे. आमच्याकडे ज्या कोपऱ्याने रेडरचा घोटा धरला, पकड त्याची. बाकीच्या चौघी नंतर वरून पडतात, त्यांचं कोणी नाव घेत नाही. वर्स आणि फिस्कचं वाचून मला वाटलं, तुमच्याकडे उलटं आहे. घोटा धरणारा उपाशी आणि वरून पडणारा तुपाशी!

---

चौथा_डाव

@उजवा_कोपरा, बावळट कसला, हा धाग्यातला सगळ्यांत नेमका प्रश्न आहे.

हो, पाडणाऱ्याच्या नावावर. क्वार्टरबॅकने बॉल फेकायच्या आधी त्याला रेषेमागे आडवा केला की सॅक. दोघांनी मिळून पाडला तर अर्धा-अर्धा, म्हणून ते साडेचार-साडेआठ. ज्याच्या भीतीने तो पळाला त्याला काही नाही. त्यासाठी ‘प्रेशर’ नावाचा वेगळा हिशेब ठेवतात. वर्स त्यात रूकींमध्ये पुढे होता, आणि मतं देणाऱ्यांनी तेच धरलं असं माझं मत.

---

आकडेमोड्या

थोडं थंड पाणी ओततो.

प्रेशर हा हिशेब माणूस व्हिडिओ बघून लिहितो. दोन कंपन्या मोजतात आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत, कारण ‘क्वार्टरबॅक अस्वस्थ झाला’ हे कोणी ठरवायचं? सॅकला निदान माणूस जमिनीवर असतो. त्यात वाद नाही. ‘सॅक फसवे, सॅक फसवे’ हा हल्ली फॅशनचा जप झालाय.

ज्या रूकींनी सॅक काढले ते बहुतेक पुढेही काढत राहिले. २०१४ ला आरन डोनाल्ड, तेरावा, उंची कमी म्हणून लोक नाक मुरडत होते. रूकी वर्षी नऊ सॅक, पुरस्कार, आणि पुढे तीनदा लीगमधला सर्वोत्तम बचावपटू. २०१९ ला निक बोसा नऊ, तोही पुढे सर्वोत्तम. त्याच वर्षी मॅक्स क्रॉस्बी, १०६ वा, रूकी वर्षी दहा. बघा तो आज कुठे आहे. २००२ ला ज्युलियस पेपर्सचे बारा मॅचमध्ये बारा, चार मॅच बंदीमुळे हुकल्या. ड्वाइट फ्रीनीचे तेरा. पुरस्कार पेपर्सला. आणि २०२४ ला दोघे एकाच दिवशी हॉल ऑफ फेममध्ये! २००२ ला जे सॅक मोजून या दोघांना वर ठेवत होते त्यांचं काय चुकलं?

रूकींचा विक्रम अजूनही जेव्हॉन कर्सचा, १९९९, टेनेसी, साडेचौदा.

वॉटचं उदाहरण गोड आहे, पण एका वॉटमागे पहिल्या वर्षी पाच सॅक काढून पुढेही पाचच काढणारे किती होऊन गेले त्यांची यादी कोणी ठेवत नाही.

---

बायूकाठचा

@आकडेमोड्या, यादी ठेवत नाही हे खरं. पण त्याच २०११ चे आणखी दोन घ्या. सेंट्सचा कॅमेरॉन जॉर्डन, २४ वा, रूकी वर्षी एक सॅक. स्टीलर्सचा कॅम हेवर्ड, ३१ वा, तोही एक. जॉर्डनने पुढे शंभरी ओलांडली. हेवर्ड दहा-बारा वर्षं पिट्सबर्गच्या मधल्या फळीत खांबासारखा उभा. एका वॉटवर भागत नाही म्हणून सांगितलं.

---

आकडेमोड्या

२०११ चा ड्राफ्ट नियम म्हणून धरू नका हो, तो अपवाद आहे. दिवे घ्या.

---

कँडलस्टिकचे_काका

मुलांनो, सगळं वाचलं. टाइप करायला वेळ लागतो, पण लिहितो.

ऑल्डन स्मिथचा उल्लेख आला आणि सगळे पुढे गेले. आमच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा तो. २०११ ला चौदा सॅक केले आणि एकाही मॅचला तो सुरुवातीच्या अकरांत नव्हता! पास येणार अशी वेळ आली की त्याला आत सोडायचे. ताजा पाय, दमलेला टॅकल. दुसऱ्या वर्षी साडेएकोणीस. दोन वर्षांत साडेतेहेतीस, असं कोणी केलेलं नव्हतं. पण त्याच्या शेजारी जस्टिन स्मिथ नावाचा एक म्हातारा (खेळाडूंच्या हिशेबाने) उभा असायचा. तो दोन माणसं अंगावर घ्यायचा, कधी गार्डचा (टॅकलच्या शेजारच्या रक्षकाचा) खांदा धरून ठेवायचा, आणि ऑल्डन त्याच्या पाठीमागून वळसा घालून मोकळा. २०१२ च्या डिसेंबरात जस्टिनचा दंड दुखावला. त्यानंतर सीझन संपेपर्यंत ऑल्डनला एकही सॅक नाही. साडेएकोणीसवर गाडी थांबली ती थांबली. पुढे त्याच्या मैदानाबाहेरच्या अडचणी, त्या लिहायची ही जागा नाही.

म्हणून फिस्कचा आकडा बघताना शेजारी कोण होतं ते बघा. जॅरेड वर्सला जस्टिन स्मिथ म्हणायला मी तयार आहे.

आता जुनं. मी १९८० ला सनीवेलला आलो. फुटबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचा, त्याने शिकवलं. १९८१ चे रूकी बचावपटू म्हणजे काय सांगू! न्यू यॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर. साडेनऊ सॅक. रूकींचा पुरस्कार तर मिळालाच, सगळ्या लीगमधला सर्वोत्तम बचावपटूही तोच. पहिल्याच वर्षी दोन्ही मिळवणारा आजवर तो एकटा. आमचा रॉनी लॉट, सात इंटरसेप्शन, त्यातली तीन थेट टचडाउनपर्यंत नेली. आणि डॅलसचा एव्हरसन वॉल्स. त्या काळी ड्राफ्ट बारा फेऱ्यांचा असायचा, बाराही फेऱ्यांत त्याला कोणी घेतला नाही. घरच्या गावच्या संघात असाच येऊन दाखल झाला आणि अकरा इंटरसेप्शन केली. लीगमध्ये सर्वांत जास्त.

१० जानेवारी १९८२. कँडलस्टिक पार्क, आमचं मैदान, समोर डॅलस. तिकीट परवडण्यासारखं नव्हतं, पोस्टमनच्या घरी बघितली. शेवटचं एक मिनिट राहिलेलं, आमचा क्वार्टरबॅक माँटाना उजवीकडे पळतोय, अंगावर तिघं, आणि त्याने बॉल वर फेकला. मला वाटलं, बाहेर टाकला. आमचा ड्वाइट क्लार्क एंड झोनमध्ये उडाला आणि बोटांच्या टोकांवर पकडला. ते छायाचित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्यात क्लार्कच्या खाली पाठमोरा जो २४ नंबर दिसतो, तो वॉल्स. त्या दिवशी त्याने दोन इंटरसेप्शन केली होती, एक सुटलेला बॉलही उचलला होता. मॅचभरात त्याच्यासारखा कोणी खेळला नाही. आणि चाळीस वर्षं लोक त्याची पाठ बघतायत.

पण तिथे मॅच संपली नव्हती. हे नव्या मुलांना माहीत नसतं. २८-२७, आम्ही पुढे, आणि जवळजवळ एक मिनिट बाकी. डॅलसने पुढच्याच पासवर ड्रू पिअर्सनला मधोमध गाठलं. तो सुटला. पुढे मोकळं मैदान. आमचा एरिक राइट, तोही रूकी, मागून झेपावला आणि एका हाताने त्याची जर्सी गळ्यापाशी पकडून त्याला खाली ओढलं. तो हात दोन इंच मागे राहिला असता तर क्लार्कचं ते छायाचित्र कोणी भिंतीवर लावलं नसतं. पोस्टमन उठून उभा राहिला होता. म्हणाला, ‘दॅट किड.’ एवढंच.

राइटच्या नावापुढे त्या खेळीचं काय लिहिलं? एक टॅकल, म्हणजे एक माणूस पाडला एवढीच नोंद.

त्या वर्षी आमच्या मागच्या फळीत लॉट, राइट आणि कार्ल्टन विल्यमसन असे तीन रूकी सुरुवातीपासून खेळले आणि आम्ही सुपर बोल जिंकला.

---

आकडेमोड्या

काका, _/\_

एक बारीक दुरुस्ती: सॅक अधिकृत मोजायला लागले १९८२ पासून, त्यामुळे टेलरचे ते साडेनऊ अधिकृत नोंदीत धरत नाहीत. नंतर मॅच बघून मोजलेले आहेत. (म्हणजे मी ज्याला नाक मुरडत होतो तसंच.)

---

कँडलस्टिकचे_काका

बरोबर. आणि आकड्यांवर एवढं प्रेम असेल तर एक घ्या. १९५२, रॅम्सचा डिक ‘नाइट ट्रेन’ लेन. विमानाच्या कारखान्यात काम करत होता, वहीत चिकटवलेली कात्रणं घेऊन संघाच्या ऑफिसात गेला आणि मला खेळवा म्हणाला. बारा मॅचच्या सीझनमध्ये चौदा इंटरसेप्शन. रूकींचाच नव्हे, सगळ्यांचाच विक्रम, अजून मोडलेला नाही. आता सतरा मॅच खेळतात, तरीही.

---

शेपूची_भाजी

मी फक्त वड्यांसाठी वाचतेय.

---

तिसरा_आणि_लांब

+१ 😀

---

उजवा_कोपरा

काकांनी सांगितलं म्हणून ती राइटची खेळी शोधून बघितली. मागून गळ्याकडून ओढणं, हे आता चालतं का? आमच्याकडे पंचांनी शिट्टी मारली असती.

रच्याकने, सॉसबद्दल वाचताना आमच्या संघातली एक मुलगी आठवली. डावा कोपरा. पहिल्या दोन स्पर्धांत तिने इतक्या पकडी केल्या की तिसऱ्या स्पर्धेत रेडर तिच्या बाजूला जायच्याच बंद झाल्या. सगळ्या माझ्याकडे यायच्या. पेपरात नाव माझं आलं. तिने ते कात्रण मला आणून दिलं आणि म्हणाली, ‘यातलं अर्धं माझं.’ हसत म्हणाली, पण म्हणाली.

---

चौथा_डाव

@उजवा_कोपरा, नाही चालत. २००५ पासून बंदी आहे, ‘हॉर्स-कॉलर’ म्हणतात. डॅलसच्याच एका खेळाडूने तशा पकडीने बऱ्याच जणांचे पाय मोडले, त्यात आमचा टेरेल ओवेन्स होता. म्हणजे राइटने आज तेच केलं तर पंधरा यार्डांचा दंड, आणि मग डॅलसला फील्ड गोल, म्हणजे लाथेने मारलेला गोल, पुरला असता.

तुमच्या मैत्रिणीवरून क्विन्यॉन मिचेल. ईगल्स, २०२४, बाविसावा, टोलेडो नावाच्या छोट्या कॉलेजातून आलेला. पूर्ण रेग्युलर सीझनमध्ये इंटरसेप्शन शून्य. प्लेऑफमध्ये दोन. पण मला खरा बोचतो तो कूपर डिजीन. दुसऱ्या फेरीतला. सरावात मांडी दुखावली, त्यामुळे पहिल्या चार मॅचमध्ये तो बचावात जवळपास नव्हताच. आम्ही दोन जिंकलेल्या, दोन हरलेल्या, टँपाने धुतलेलं. चौथ्या रविवारनंतर आमच्या ग्रुपवर आठ नावं आली. डिजीनचं एकानेही टाकलं नाही. टाकणार कसं? सुट्टीच्या आठवड्यानंतर तो आत आला आणि आमचा बचाव एकदम दुसराच दिसायला लागला.

बाल्टिमोरची मॅच मी तिथे जाऊन बघितली. डेरिक हेन्री, २४७ पौंड, धावत सुटला की मागच्या फळीतले बचावपटू अंग चोरतात. डिजीन त्याच्या दोनशेच्या आसपासच्या वजनानिशी समोरून गेला, छातीत खांदा घातला आणि हेन्रीला मागे ढकलत नेऊन बसवलं. आमच्या रांगेत बाल्टिमोरचे पाठीराखे होते, तेही ‘ओह’ म्हणाले. हिशेबात एक टॅकल. फेब्रुवारीत, बाविसाव्या वाढदिवसाच्या दिवशी, सुपर बोलमध्ये महोम्सचा पास पकडून ३८ यार्ड पळत टचडाउन. मी तेव्हा किचनमध्ये होतो. वडे तळत. ओरडा ऐकून झारा हातात घेऊनच बाहेर आलो, तोवर रिप्ले सुरू होता.

---

आकडेमोड्या

ठीक आहे, एक पाऊल मागे येतो, दोन नाही.

चार मॅचमध्ये सॅक सोडून काय बघायचं याला माझं उत्तर: त्याला कुठे उभं करतात आणि किती खेळींना आत ठेवतात. २०२१ चा मायका पार्सन्स. डॅलसने लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा) म्हणून घेतला. दुसऱ्या मॅचच्या आधी डीमार्कस लॉरेन्सचा पाय सरावात मोडला, म्हणून याला नाइलाजाने कडेला पास रशर म्हणून उभा केला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तेरा सॅक आणि पुरस्कार. पहिल्या चार मॅचमधली बातमी त्याच्या सॅकची नव्हती. प्रशिक्षकांनी त्याची जागा बदलली आणि परत फिरवली नाही, ही होती. हे तर आकडा न बघता दिसतं.

आणि हचिन्सन. @चौथा_डाव, तुमचं तीन सॅकचं नाव मला तेव्हाही खटकलं असतं, कारण एका हाफमध्ये तीन म्हणजे समोरच्या टॅकलचा तो दिवस वाईट होता. पण नोव्हेंबरात ग्रीन बेविरुद्ध त्याने काय केलं आठवतं? एंड झोनच्या दारात रॉजर्सने बॉल टाकला तो बाख्तियारीला, म्हणजे एरवी रॉजर्सचं रक्षण करणाऱ्या टॅकलला. चकवा होता. हचिन्सन रशला गेलाच नाही, मागे थांबला आणि बॉल काढून घेतला. मॅच १५-९. त्या वर्षी तीन इंटरसेप्शन, डिफेन्सिव्ह एंडची, म्हणजे कडेच्या पास रशरची! साडेनऊ सॅकपेक्षा मला ते जास्त सांगून गेलं.

---

बायूकाठचा

बघा, आकडेमोड्याने पुन्हा आकडाच दिला, पण दुसरा. 😀

माझी भर: टॅकलच्या मदतीला कोणाला पाठवतात ते बघा. विल अँडरसनने पहिल्याच मॅचला बाल्टिमोरच्या क्वार्टरबॅकला, लामार जॅक्सनला, पाडलं. त्यानंतर समोरचे संघ त्याच्या बाजूला टाइट एंड उभा करायला लागले, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) जाता जाता त्याला खांदा देऊन जायचा. रूकीला समोरचा संघ दोन माणसं देतो म्हणजे त्यांच्या प्रशिक्षकाने बुधवारी बसून याचा व्हिडिओ बघितलाय. ते मत फुकट मिळतं, आपण फक्त मोजायचं.

---

तिसरा_आणि_लांब

आणि कॉर्नरबॅक असेल तर हेल्मेट. विसरू नका.

---

कँडलस्टिकचे_काका

आणि शेजारी कोण उभा आहे.

---

उजवा_कोपरा

आणि घोटा कोणी धरला. 🙂

मग यंदा कोणाचं नाव? सोमवार उद्याच ना?

---

चौथा_डाव

काल रात्री तुम्ही सगळ्यांनी सांगितलं ते घेऊन बसलो. वहीत चार रकाने आखले: दोन माणसं कधी आली, जागा बदलली का, शेजारी कोण, हेल्मेट. पहाटे दोनपर्यंत व्हिडिओ बघितले. एका मुलावर येऊन थांबलोय. त्याच्या नावावर चार मॅचमध्ये अर्धा सॅक आहे.

बायकोने वही बघितली आणि काही न बोलता दुकानाच्या यादीत बेसन लिहिलं. दोन किलो.

---

शेपूची_भाजी

हिरव्या मिरच्या पण लिहा.